सुटींतील सहल : ऊन आणि गर्दी

श्रोतेहो, परीक्षा संपल्या आहेत, निकालाची धास्ती अजून लांब आहे, आणि घरोघरच्या मुलांनीं "यंदा कोठें जायचें?" हा एकच प्रश्न सकाळसंध्याकाळ लावून धरला आहे. पूर्वीं या प्रश्नाचें उत्तर ठरलेलें असे. आजोळ, आंबे, विहीर, आणि फार तर गांवची जत्रा. जत्रेंत लांकडी रहाटपाळणा असे. तो माणसें हातांनीं फिरवीत आणि त्यांत बसणाऱ्या मुलाला क्षणभर आकाश ठेंगणें होई. आज त्या रहाटपाळण्याचीं नातवंडें पोलादाचीं झालीं असून विजेवर धांवतात. त्यांच्याभोंवतीं विस्तीर्ण उद्यानें वसलीं आहेत व त्यांना सर्वजण थीम पार्क या नांवानें ओळखतात. गोराईला १९८९ सालीं एस्सेलवर्ल्ड उघडलें आणि मुंबईच्या एका सबंध पिढीची शाळेची सहल तेथें झाली. २०१३ सालीं खोपोलीजवळ इमॅजिका उघडलें आणि पुण्याच्या व मुंबईच्या मुलांना तें सारखेंच जवळ झालें. ज्यांचे मुलगे-मुली अमेरिकेंत आहेत असे आजीआजोबा तर नातवंडांचें बोट धरून फ्लॉरिडांतील ऑर्लँडोजवळच्या डिस्ने वर्ल्डपर्यंत जाऊन येतात.

अशा सहलींना माझा विरोध नाहीं. भय आणि आनंद हातांत हात घालून भेटतील अशीं ठिकाणें मुलांच्या आयुष्यांत थोडींच असतात. परंतु या उद्यानांच्या तिकिटाबरोबर दोन गोष्टी न मागतां पदरांत पडतात. एक ऊन आणि दुसरी गर्दी. या दोहोंशीं कसें वागावें, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

हीं दोन्ही संकटें या उद्यानांच्या जन्मापासूनचीं आहेत. कॅलिफोर्नियांतील अ‍ॅनाहाइम येथें वॉल्ट डिस्ने यांनीं आपलें डिस्नेलँड उघडलें, तो दिवस १७ जुलै १९५५ हा होता. निमंत्रणें मोजकींच गेलीं होतीं. परंतु खोट्या तिकिटांचा सुळसुळाट झाला आणि सुमारें २८,००० माणसें आंत शिरलीं. पारा ३८ अंशांच्या आसपास होता. नुकतेंच घातलेलें डांबर उन्हानें इतकें मऊ झालें होतें कीं स्त्रियांच्या जोड्यांच्या उंच टांचा त्यांत रुतूं लागल्या. त्यांतच नळकारागिरांचा संप झालेला. पिण्याच्या पाण्याचे नळ आणि शौचकूप या दोहोंपैकीं एकाचीच सोय वेळेवर होण्यासारखी होती. ती शौचकूपांची करण्यांत आली, आणि तहानलेलीं माणसें कोरडे नळ शोधीत फिरलीं. त्या दिवशीं खेळांचें यंत्रही ठिकठिकाणीं अडलें. पण लोकांच्या स्मरणांत राहिलें तें डांबर, ती तहान आणि ती रेटारेटी. जगांतील सर्वांत नामांकित उद्यानाचा पहिला दिवस बिघडला तो मुख्यतः सावली, पाणी आणि माणसांची मोजदाद या तीन गोष्टींच्या उणिवेनें. हल्लीं रांगांवर छप्परें आलीं, पंखे आले, पाण्याच्या सोयी झाल्या. तरी ज्यांचा आपला दिवस बिघडतो त्यांचा तो बहुधा याच तीन कारणांनीं बिघडतो.

प्रथम उन्हाचा विचार करूं. आपल्या देहाची आंतील उष्णता सुमारें ३७ अंश असते आणि ती तेवढीच राखण्यासाठीं शरीर अहोरात्र झटत असतें. हवा त्वचेहून थंड असते तोंवर ही उष्णता सहज बाहेर जाते. पारा पस्तीसच्या पलीकडे गेला कीं ही वाट बंद होते व उलट हवाच आपल्याला तापवूं लागते. मग एकच मार्ग उरतो, तो घामाचा. परंतु घाम आला म्हणजे गारवा मिळाला असें होत नाहीं. घाम वाळला म्हणजे गारवा मिळतो. एक लिटर घाम अंगावर पुरा वाळला तर तो सुमारें ५८० किलोकॅलरी उष्णता आपल्याबरोबर घेऊन जातो. तोच घाम नुसता निथळून जमिनीवर पडला तर शरीराचें पाणी आणि मीठ मात्र गेलें, आणि गारवा मुळींच मिळाला नाहीं.

हें आपल्या घरच्या माठावरून चटकन् ध्यानांत येईल. नागपूरच्या वैशाखांत माठांतील पाणी दांत शिवशिवतील इतकें गार होतें. तोच माठ मुंबईंत आणून ठेवला तर पाणी जेमतेम थंड होतें. माठ तोच, कुंभार तोच. फरक हवेंतील ओलीचा आहे. माठाच्या अंगावरचें पाणी नागपूरच्या कोरड्या हवेंत झटपट उडून जातें. मुंबईच्या दमट हवेंत तें तसेंच चिकटून राहतें. मनुष्यदेह हाही एक माठच आहे. म्हणून मुंबईचे ३५ अंश हे विदर्भांतील चाळीस अंशांपेक्षां कधीं कधीं अधिक जाचक होतात. घाटाच्या पायथ्याशीं असलेल्या खोपोलीपर्यंत समुद्रावरची ही ओल पोंचलेली असते. फ्लॉरिडांतही हाच प्रकार आहे. तेथें जून ते ऑगस्ट या महिन्यांत पारा तेहतिसाच्या फारसा पलीकडे जात नाहीं, आणि भारतांतून गेलेले आपले पाहुणे प्रथम त्याला हंसतात. पण हवा ओलीचिंब असते. दुपारीं बहुतेक रोज गडगडाटासह पाऊस कोसळतो, आणि विजा चमकूं लागल्या कीं उघड्यावरील खेळ बंद करावे लागतात. आपल्याकडे मे महिन्यांतील वळीवही असाच अवचित येतो. तात्पर्य, वर्तमानपत्रांतील केवळ तपमानाचा आंकडा पाहून सहलीचा निर्णय करूं नये. हवेंतील आर्द्रताही पाहावी.

याला आणखी एक कारण जोडलें जातें. उन्हाची संवय होण्यास शरीराला आठपंधरा दिवस लागतात. शेतांत राबणाऱ्या माणसाला ती असते. वर्षभर पंख्याखालीं व वातानुकूलित खोलींत बसणाऱ्या शहरी माणसाला ती नसते. तो गार मोटारींतून उतरतो आणि एकदम आठ तास उन्हांत उभा राहतो. ही परीक्षा अभ्यासाशिवाय दिलेली परीक्षा आहे.

यांत काय पणाला लागलेलें असतें, हें सांगण्यासाठीं मला फार दूर जावें लागत नाहीं. १६ एप्रिल २०२३ रोजीं नवी मुंबईंतील खारघर येथें एका पुरस्कार-समारंभासाठीं लाखों माणसें उघड्या मैदानावर जमलीं होतीं. त्यांपैकीं १४ जण दगावले. त्या दिवशीं आसपासच्या भागांत पारा ३८ अंशांच्याच घरांत होता. विदर्भांत ज्याला कोणी विशेष ऊन म्हणणार नाहीं, एवढेंच तें ऊन. तीं माणसें धांवत नव्हतीं, ओझीं वाहत नव्हतीं. श्रद्धेनें शांत बसलीं होतीं. तास मात्र पुष्कळ गेले होते आणि वर आच्छादन नव्हतें. ऊन एका क्षणांत मारीत नाहीं. तें तासांचा हिशेब ठेवतें. हा हिशेब आपणही ठेवावा, एवढें शहाणपण त्या दुर्दैवी दिवसापासून घेतलें पाहिजे.

कुटुंबांत सर्वांत जास्त जपावयाचें तें दोन टोकांच्या माणसांना. लहान मूल खेळांत रमलें म्हणजे तहान विसरतें आणि त्याचें लहानसें अंग मोठ्यांच्या मानानें लवकर तापतें. वृद्धांची तहानेची जाणीवच मंदावलेली असते. शिवाय आपल्या घरांतील वडील मंडळींना एक मोठा आजार असतो, तो भिडेचा. "माझ्यासाठीं थांबूं नका, मला कांहीं होत नाहीं," असें आजोबा म्हणतात, आणि आपण तें शब्दशः खरें मानतों. आजीला स्वच्छतागृह कोठें आहे हें विचारण्याचा संकोच वाटतो, म्हणून ती सकाळपासून पाण्याचा घोटच घेत नाहीं. म्हणून "पाणी हवें का?" असें विचारूं नये, पेला हातांत द्यावा. स्वच्छतागृह कोठें आहे तें आधींच दाखवून ठेवावें. रक्तदाबावर किंवा हृदयविकारावर औषध घेणाऱ्यांनीं, विशेषतः लघवी वाढविणारें औषध चालूं असणाऱ्यांनीं, निघण्यापूर्वीं आपल्या डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा.

प्यावें काय, याचें उत्तर आपल्या परंपरेंतच आहे. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला कैरीचें पन्हें देण्याची रीत ज्यांनीं घालून दिली, त्यांना शरीरशास्त्राचीं पुस्तकें ठाऊक नव्हतीं. पण पाणी, मीठ आणि गोडी यांचा मेळ त्यांना बरोबर साधला होता. मीठ घातलेलें ताक, कोकमाचें सरबत, लिंबाचें सरबत हीं सर्व त्याच कुळांतलीं. घाम फार गेला असेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यांत सहा सपाट चमचे साखर व अर्धा सपाट चमचा मीठ घालून तें थोडें थोडें प्यावें; चमचा चहाचा घ्यावा. तहान लागण्याची वाट पाहूं नये, आणि एकदम घटाघटा लिटरभर पाणीही पिऊं नये. पुष्कळ उद्यानांत बाहेरचे खाद्यपदार्थ नेऊं देत नाहींत. तेव्हां पाण्याची बाटली चालते काय, आंत पिण्याचें पाणी कोठें मिळतें, औषधें व बाळाचें खाणें नेतां येतें काय, हें आदल्या दिवशीं विचारून घ्यावें. दरवाजावर वाद घालण्यांत जो वेळ जातो तो भर उन्हांत जातो. कपडे सैल, सुती व फिकट रंगाचे असावेत, डोक्यावर रुंद काठाची टोपी असावी. एक जुना सुती पंचा जवळ ठेवावा. तो ओला करून मानेभोंवतीं गुंडाळला तर त्यासारखें स्वस्त व गुणकारी साधन नाहीं. पाण्याच्या खेळांत असतांना मनुष्य गार असतो, म्हणून त्याला वाटतें कीं ऊन लागत नाहीं. पण त्वचा भाजतच असते आणि तहानही लपलेली असते. तेथेंही तासातासानें सावलींत यावें.

उन्हाच्या त्रासाच्या दोन पायऱ्या ओळखून ठेवाव्यात. डोकें दुखणें, गरगरणें, मळमळणें, पोटऱ्यांत गोळे येणें, अकारण चिडचिड होणें, आणि बडबड्या मुलाचें एकाएकीं गप्प होणें, ही पहिली पायरी. अशा वेळीं खेळ तेथेंच थांबवावा, सावलींत निजवावें, कपडे सैल करावेत, सरबत द्यावें. माणूस असंबद्ध बोलूं लागला, तोल जाऊं लागला, बेशुद्ध पडला, अंग भट्टीसारखें तापलें, तर ही दुसरी पायरी. हाच उष्माघात. घाम येत असला तरी उष्माघात नाहीं असें समजूं नये. येथें मिनिटें मोलाचीं असतात. तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, उद्यानाच्या प्रथमोपचार केंद्रास कळवावें, आणि ती मदत येईपर्यंत हातावर हात ठेवून बसूं नये. अंगावर पाणी ओतावें, जोरानें वारा घालावा, कांखेंत, मानेवर व जांघेंत बर्फ ठेवावा. शुद्धींत नसलेल्याच्या तोंडांत पाणी घालूं नये. आणि एक गोष्ट निक्षून सांगतों. मूल झोंपलें आहे म्हणून त्याला बंद मोटारींत ठेवून पांच मिनिटेंही कोठें जाऊं नये. उन्हांतील बंद मोटार पाहतां पाहतां भट्टी होते.

आतां गर्दीकडे वळूं. गर्दीला दैव समजण्याची आपली संवय आहे. परंतु रांगेला गणित आहे. टेलिफोन मागणारे अनेक आणि तारा थोड्या, तेव्हां किती जणांना खोळंबावें लागेल, याचा शास्त्रीय विचार कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनींतील एर्लांग या गणितज्ञानें १९०९ सालीं मांडला आणि त्यांतून रांगेचें एक सबंध शास्त्र उभें राहिलें. आपल्याला त्यांतील एक साधा हिशेब पुरे आहे. समजा, एका खेळाच्या गाडींत २४ जण बसतात आणि दर तीन मिनिटांनीं गाडी सुटते. म्हणजे तासाला ४८० माणसें. सकाळीं दहा ते अकरा या वेळांत तासाला ४०० माणसें आलीं तर रांग जवळजवळ नसतेच. अकरानंतर तासाला ६०० येऊं लागलीं तर दर तासाला १२० माणसें शिल्लक राहतात. दोन वाजतां त्या रांगेंत ३६० माणसें उभीं असतात आणि नव्यानें येणाऱ्याला पाऊण तास थांबावें लागतें. पुढें येणारांची संख्या घटून ४८० वर आली तरी तो पाऊण तास तसाच राहतो. कारण जुनी शिल्लक फिटत नाहीं. संख्या त्याच्याही खालीं उतरेल तेव्हांच रांग ओसरूं लागेल.

या हिशेबांतून दिवसाची आंखणी आपोआप निघते. दरवाजे उघडण्यापूर्वीं अर्धा तास पोंचावें. पहिला तास सोन्याचा असतो; तो छायाचित्रें आणि न्याहारी यांत घालवूं नये. बहुतेक लोक दरवाजाजवळच्या पहिल्याच खेळापाशीं थबकतात. आपण आधीं दूरच्या, उघड्यावरच्या व मोठ्या खेळांकडे जावें. बारा ते चार हा वेळ छपराखालील खेळ, नाटकें, चित्रपट, भोजन आणि विश्रांति यांना द्यावा. पोटभर जेवून लगेच रोलर कोस्टरवर चढूं नये, हें सांगण्याची खरें म्हणजे गरज नसावी. परंतु दुपारीं तेथील सफाई-कामगारांना विचारलें तर ती आहे असें ते सांगतील. ऊन उतरलें, लहान मुलांचीं कुटुंबें परतूं लागलीं, कीं पुन्हां बाहेर पडावें. शक्य असेल तर शनिवार-रविवार आणि महाराष्ट्रदिनाची सुटी टाळून मंगळवार-बुधवार निवडावा. शनिवारीं सकाळीं खंडाळ्याच्या घाटांत मोटारींची रांग लागते, आणि उद्यानांतील रांगेचा सराव वाटेंतच होतो.

तरीही उभें राहावें लागतेंच. १९८५ सालीं डेव्हिड मेस्टर या अभ्यासकानें वाट पाहण्याच्या मानसशास्त्रावर एक निबंध लिहिला. रिकामा वेळ हा कामांत गुंतलेल्या वेळेपेक्षां लांब वाटतो आणि अनिश्चित खोळंबा हा निश्चित खोळंब्यापेक्षां जड जातो, असें त्याचें म्हणणें आहे. स्टेशनवर गाडीची वाट पाहणाऱ्या कोणासही तें पटेल. म्हणून रांगेंत शिरण्यापूर्वींच "पाऊण तास लागेल" असें मुलांना स्पष्ट सांगावें. "आलाच हं आपला नंबर" असें खोटें आश्वासन दर पांच मिनिटांनीं देऊं नये. गाण्याच्या भेंड्या, कोडीं, उखाणे ही आपली वडिलोपार्जित सामग्री याच कामाची आहे. रांगेवर सावली नसेल आणि खोळंबा मोठा असेल तर त्या खेळाचा मोह सोडावा. सर्व कुटुंबानें प्रत्येक रांगेंत उभें राहिलेंच पाहिजे असेंही नाहीं. दोघांनीं मुलांबरोबर जावें, दोघांनीं आजीआजोबांबरोबर झाडाखालीं बसावें, आणि पुढच्या वेळीं पाळी बदलावी.

गर्दींतील खरी धास्ती मूल चुकण्याची असते. घरून निघतांना मुलाच्या दंडावर आपला दूरध्वनि-क्रमांक शाईनें लिहावा. कागदाची चिठ्ठी पाण्यांत विरघळते. त्याच दिवशींच्या कपड्यांत त्याचें एक छायाचित्र काढून ठेवावें. कारण घाबरलेल्या आईला सदऱ्याचा रंग आठवत नाहीं. मुलाला आईवडिलांचें पूर्ण नांव पाठ असावें. "आईचें नांव काय?" या प्रश्नाला "आई" एवढेंच उत्तर आलें तर शोधणाराची पंचाईत होते. चुकलास तर भटकूं नकोस, आहेस तेथेंच उभा राहा, आणि गणवेशांतील सेवकाला हांक मार, हें त्याला पढवून ठेवावें. मोठ्यांनीं आपसांत एक भेटीची जागा ठरवावी, कारण अशा गर्दींत भ्रमणध्वनीचा भरंवसा नसतो. रेटारेटी होत असेल तेथें मूल कडेवर घ्यावें आणि गर्दीच्या उलट न जातां कडेकडेनें बाहेर पडावें.

श्रोतेहो, एवढें सारें ठाऊक असूनही माणसें उन्हांत का उभीं राहतात? माझ्या मतें त्याला कारण एकच आहे. "पैसे वसूल झाले पाहिजेत" ही वृत्ति. तिकीट महाग आहे, पांच माणसांचें मिळून एका महिन्याच्या वाणसामानाएवढें झालें आहे. तेव्हां एकही खेळ सुटतां कामा नये. मग रडणाऱ्या मुलाला ओढीत, दमलेल्या आजीला बसूं न देतां, कपाळावर आठ्या घालून आपण आनंदाचा पाठलाग करतों. तिकिटाचे पैसे खिडकीवर दिले तेव्हांच ते खर्च झाले. मागाहून किती खेळ खेळलों यानें त्यांतील एक रुपयाही परत यावयाचा नसतो. आतां आपल्या हातीं उरलेला असतो तो फक्त दिवस. पंधरा खेळ आणि एक आजारी मूल यापेक्षां सहा खेळ आणि घरीं हंसत आलेलीं पांच माणसें हा सौदा कोणत्याही हिशेबानें फायद्याचाच आहे.

या बाबतींत आपल्याला परदेशाकडे पाहण्याची गरज नाहीं. पंढरीच्या वारीएवढी गर्दी कोणत्या उद्यानांत असते? एकोणिसाव्या शतकांत हैबतरावबाबा आरफळकर यांनीं ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखी-सोहळ्याला शिस्त लावून दिली. दिंड्यांचा क्रम ठरला. आज प्रत्येक दिंडीला तिचा क्रमांक आहे, तिचे प्रमुख आहेत, तिचा मुक्काम ठरलेला आहे. लाखोंच्या गर्दींत प्रत्येक वारकरी आपल्या दिंडीच्या लहानशा कुटुंबांत असतो. आणि मला विशेष वाटतें तें हें कीं वारीच्या वेळापत्रकांत विसावा लिहिलेला असतो. दमलों म्हणून कोणी विसांवत नाहीं. विसाव्याची जागा आली म्हणून सर्वजण विसांवतात. त्यामुळें म्हाताऱ्याला कमीपणा वाटत नाहीं आणि तरुणाला अडवणूक वाटत नाहीं. आपल्या एका दिवसाच्या सहलीच्या कागदावर खेळांच्या यादीबरोबर दोनतीन विसावे जर आपण घरूनच लिहून नेले, तर आजोबांना भिडेखातर खोटें बोलावें लागणार नाहीं.

तेव्हां या सुटींत अवश्य जावें. पहांटे निघावें, दुपारीं सावली धरावी, पाण्याचा पेला न विचारतां पुढें करावा, सर्वांत हळू चालणाऱ्याच्या चालीनें चालावें, आणि चार खेळ राहिले तरी ते पुढच्या वर्षासाठीं राहूं द्यावे. मुलांना पुढच्या वर्षीं जाण्यास निमित्त लागतेंच. तें आपणच त्यांना दिल्यासारखें होईल.